सातांतला एक : सचिन नाग

काशीस जाऊन आलेल्या इंदूरकरास अहिल्याघाट ठाऊक नाही असे सहसा होत नाही. आपल्या जुन्या घरांतून काशीयात्रेच्या ज्या हकीकती चालत आल्या आहेत, त्यांत विश्वेश्वराचे देऊळ, दशाश्वमेध आणि त्याच्या शेजारचा देवी अहिल्याबाईंचा घाट ही नावे एका दमात घेतली जातात. आमच्या देवघरात आजीने आणलेला गंगेचा गडू अजून आहे. तोंडाशी डाख दिलेला, कधीही न फोडलेला. लहानपणी मला वाटे, की गंगा म्हणजे एवढीच. ती पोहण्याची नदी आहे, तिच्यात मुले उड्या टाकतात, शर्यती लावतात, हे ध्यानात यावयास फार वर्षे गेली.

त्या काशीत १९२० साली अवघ्या एकोणीस दिवसांच्या अंतराने दोन बंगाली मुले जन्मास आली. पहिला १६ जूनचा. तो पुढे गायक झाला आणि त्याचे नाव मी सांगण्यापूर्वी वाचकांच्या ओठांवर येईल. पण ते थोडे पुढे सांगतो. दुसरा ५ जुलैचा. तो पाण्यात शिरला. त्याचे नाव सचिन नाग. आशियाई क्रीडास्पर्धांतले भारताचे पहिले सुवर्णपदक त्यांच्या नावे आहे, आणि त्याच स्पर्धेत ज्या भारतीय संघाने वॉटरपोलोचे सुवर्णपदक जिंकले त्या संघातही ते होते. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत ते पदक भारताकडे परत आलेले नाही.

जलतरणावर मी लिहावे याचे माझ्या विद्यार्थ्यांना नवल वाटेल. मी गाणे शिकवितो. पोहणे मला येत नाही. महेश्वरी नर्मदेत गुडघाभर पाण्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही. परंतु २०२० च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय क्रीडापुरस्कारांची यादी वर्तमानपत्रात आली, तीत ध्यानचंद पुरस्काराच्या मानकऱ्यांत सचिन नाग हे नाव होते आणि नावापुढे मरणोत्तर असे लिहिले होते. हा गृहस्थ वारला केव्हा म्हणून पाहिले, तर १९८७ साली. म्हणजे सन्मान पोहोचावयास मृत्यूनंतर तेहतीस वर्षे लागली. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेला नाही. त्याचे कारण काही अंशी माझ्या घरातले आहे. तेही ओघात येईल.

सचिनबाबूंच्या पहिल्या शर्यतीची गोष्ट एखाद्या कीर्तनकाराने आख्यानात घालावी अशी आहे. १९३० साल. कायदेभंगाचे दिवस. गंगेच्या काठी काँग्रेसची सभा भरलेली, आणि दहा वर्षांचा सचिन गर्दीत. पोलिसांनी लोकांना पिटाळण्यास सुरुवात केली तेव्हा पळावयास जागा उरली नाही म्हणून पोराने सरळ गंगेत उडी घेतली. त्याच वेळी नदीत दहा किलोमीटरची पोहण्याची शर्यत चालू होती. पाठीमागे लाठी आणि पुढे पोहणाऱ्यांचा तांडा. पोरगा त्या तांड्यात मिसळला आणि पोहतच राहिला. शर्यत संपली तेव्हा तो तिसरा आला होता.

पुढली काही वर्षे तो काशीच्या शर्यती गाजवीत राहिला. मग जामिनी दास या नामांकित शिक्षकाची नजर त्याच्यावर पडली आणि त्यांनी त्याला कलकत्त्यास नेले. उत्तर कलकत्त्यातला हाटखोला क्लब हे त्याचे घराणे झाले. घराणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आपल्याकडे ज्याप्रमाणे एखाद्या वाड्याच्या ओसरीवर तालीम चाले, त्याप्रमाणे कलकत्त्यात कॉलेज स्क्वेअर, हेदुआ अशा सार्वजनिक तळ्यांच्या काठी पोहण्याचे क्लब वाढले. पहाटे मुले पाण्यात, संध्याकाळी वॉटरपोलोचे सामने, आणि कठड्याशी उभी असलेली सबंध पेठ. संस्थानिकाची मदत नाही, सरकारची नाही. वर्गणीवर चाललेला हा संसार. १९३८ च्या सुमारास सचिनबाबू बंगालच्या स्पर्धांत शंभर मीटर जिंकू लागले, आणि १९४० साली त्यांनी या अंतराचा जो नवा उच्चांक केला तो पुढे तीन दशके कोणाला मोडता आला नाही.

आता त्या दुसऱ्या खेळाविषयी दोन शब्द, कारण आपल्या गावी तो थोड्यांनीच पाहिला असेल. वॉटरपोलो म्हणजे पाण्यातला चेंडूचा खेळ. १८७० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये त्याला आकार आला, विल्यम विल्सन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने त्याचे पहिले नियम बांधले आणि १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो दाखल झाला. दोन्ही बाजूंस सात सात गडी. तीन मीटर रुंदीचा गोल. गोलरक्षकाखेरीज कोणी चेंडूस एकाच वेळी दोन्ही हात लावावयाचे नाहीत, आणि तळाला पाय टेकावयाचा नाही. म्हणजे सामना चालू असेतो पाय पाण्याखाली रवीसारखे घुसळीत ठेवावयाचे आणि वर छातीपर्यंत उचलून एका हाताने चेंडू झेलावयाचा, फेकावयाचा. सचिनबाबूंच्या उमेदीच्या काळात चेंडू चामड्याचा असे. तो खेळता खेळता पाणी पिऊन जड होई. रबरी चेंडू सर्वत्र रूढ झाला तो मागाहून. शिवाय पंचाला जे दिसते ते पाण्याच्या वरचे. खाली कोण कोणाची चड्डी ओढतो, कोण पोटात गुडघा मारतो, हे पाण्यालाच ठाऊक. १९५६ साली मेलबर्नला हंगेरी आणि रशिया यांच्या सामन्यात तर एका हंगेरियन खेळाडूचा चेहरा फुटून रक्ताळला होता. याच हंगेरीने पुरुषांच्या वॉटरपोलोची नऊ ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली आहेत. तिथे या खेळाला आपल्याकडील क्रिकेटची जागा आहे म्हणावयास हरकत नाही.

शंभर मीटरची शर्यत ही एकट्याची. ती म्हणजे आमच्या भाषेत ख्याल मांडून बसणे. चुकले तर तुमचे, साधले तर तुमचे. वॉटरपोलोत तसे नाही. तिथे जो सर्वांत वेगाने पोहतो त्याला पुष्कळदा चेंडू मिळतच नाही. तो प्रतिपक्षाच्या दोघांना आपल्यामागे ओढून नेतो आणि गोल भलताच करतो. सचिनबाबूंनी या दोन्ही गोष्टी आयुष्यभर केल्या. अव्वल दर्जाचा गवई दुसऱ्याच्या साथीला तितक्याच आनंदाने बसतो, असे मी क्वचित पाहिले आहे.

१९४७ साली कलकत्ता पेटलेले होते. त्या दंगलीत सचिनबाबूंच्या उजव्या पायात गोळी लागली. पुन्हा पोहावयास किमान दोन वर्षे लागतील, असे डॉक्टरांचे मत पडले. लंडनचे ऑलिंपिक तर १९४८ च्या जुलैत. ज्या माणसाची सारी मिळकत दोन पाय आणि दोन हात एवढीच, त्यातला एक पाय गेला असता तर काय राहिले असते? सचिनबाबू वर्षाच्या आत पाण्यात उतरले. कसे, कोणत्या वेदना सोसून, हे त्यांच्या पायालाच ठाऊक. मला एवढेच कळते, की गळा बसलेला गवई सहा महिन्यांनी पहिला षड्ज लावतो तेव्हा त्याला जी भीती वाटते, ती गळ्याची नसते.

पाय बरा झाला तरी लंडनला जाण्यास पैसा हवा होता आणि तो कोणी देणार नव्हते. तेव्हा काशीचा तो दुसरा मुलगा पुढे आला. हेमंत मुखोपाध्याय, आपले हेमंतकुमार. मराठी श्रोत्यांना मी डोलकर या गाण्यातला त्यांचा धीरगंभीर आवाज सांगावयास नको. त्या वेळी ते अठ्ठावीस वर्षांचे होते, बंगालमध्ये नावारूपाला आले होते, मुंबईच्या चित्रसृष्टीतले यश अजून पुढे होते. सचिनबाबूंच्या प्रवासखर्चासाठी त्यांनी कार्यक्रम करून गाणे म्हटले. त्या बैठकीत ते काय गायले, किती लोक आले, थैलीत किती जमले, हे जाणून घेण्याची मला फार हौस आहे. परंतु हिशेबाच्या वह्या गाण्याच्या आठवणींइतक्या टिकत नाहीत. एक गवई गातो आणि त्या गाण्यावर एक पोहणारा समुद्रापार ऑलिंपिकला जातो, हे चित्र मात्र मला पुरते.

इंदूरकराला हे थोडे निराळे वाटेल. आपल्याकडे अशा कामाला दरबार होता. नागपूरच्या सी. के. नायडूंना १९२३ साली होळकर दरबाराने बोलावून घेतले, फौजेत कप्तानाचा हुद्दा दिला, ते पुढे कर्नल झाले आणि इंदूरचेच होऊन राहिले. गवई, बीनकार, पखवाजी यांना तनखा होता. माझे वडीलही त्यांतलेच. नाना पानशांच्या परंपरेतला पखवाज. सतरा अठराव्या वर्षी ते दरबारच्या चाकरीत लागले आणि दोनएक वर्षांतच, १९४८ साली, संस्थान विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य, त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातच. एकदा त्यांनी आपल्या त्या चाकरीच्या निवृत्तिवेतनासाठी एका कचेरीत अर्ज केला. कचेरीचे नाव सांगत नाही. पुष्कळ दिवसांनी उत्तर आले, की त्या बैठकींच्या कागदांत गवयांची नावे आहेत, अर्जदाराचे नाव आढळत नाही. कागद खोटे नव्हते. त्यांत गवयाच्या नावापुढे साथीस दोन इसम असे लिहिलेले होते. त्या दोघांतला एक माझा बाप. वडिलांनी ते पत्र घडी करून पखवाजाच्या गवसणीत ठेवले आणि त्याविषयी पुन्हा बोलले नाहीत.

लंडनला सचिनबाबू शंभर मीटरच्या शर्यतीत पहिल्या फेरीपलीकडे गेले नाहीत. तिथे ती शर्यत अमेरिकेच्या वॉली रिसने ५७.३ सेकंदांत जिंकली. आपला पोहणारा त्या वेगाच्या जवळपास नव्हता, हे आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. वॉटरपोलोत मात्र भारताने चिलीला ७-४ असे हरविले आणि सातांपैकी चार गोल सचिनबाबूंचे होते. गोळी लागलेल्या पायाने. पुढे युरोपातल्या बळकट संघांपुढे आपला टिकाव लागला नाही. गोरा सील, अजय चॅटर्जी, सुहास चॅटर्जी, दुर्गा दास, आयझॅक मन्सूर ही त्या संघातली काही नावे. मी ती मुद्दाम लिहितो आहे. १९५२ साली हेलसिंकीलाही भारताचा संघ गेला, त्यातही सचिनबाबू होते आणि तिथेही मोठ्या फरकाने हार झाली. त्यानंतर ऑलिंपिकच्या वॉटरपोलोत भारत दिसलेला नाही.

या दोन ऑलिंपिकांच्या मधला १९५१ चा मार्च महिना हा त्यांच्या आयुष्याचा कळस. ४ ते ११ मार्च या आठ दिवसांत दिल्लीस पहिली आशियाई क्रीडास्पर्धा भरली. अकरा देश आले. त्याच हंगामात आमचे इंदूर आपल्याच आनंदात होते: नायडूंच्या होळकर संघाने गुजरातला हरवून रणजी करंडक जिंकला. पंचावन्न वर्षांचे कर्नल अजून मैदानावर उभे असताना दिल्लीच्या एका तलावाकडे कोण बघतो? मुंबईत लेव्ही पिंटोचे नाव झाले, कारण त्याने शंभर आणि दोनशे मीटर धावण्याच्या दोन्ही शर्यती मारल्या. फुटबॉलमध्ये आपण इराणला १-० असे हरविले, त्याचाही गाजावाजा झाला. आणि सचिन नाग यांनी शंभर मीटर पोहण्याची शर्यत १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली. पंडित नेहरू पाहावयास आले होते आणि त्यांनी या विजेत्याचे मनापासून कौतुक केले, अशी आठवण सांगितली जाते. सचिनबाबू त्या वेळी तीस वर्षांचे होते. पोहणाऱ्याच्या हिशेबात हे वय म्हणजे मैफलीतली भैरवीची वेळ.

याखेरीज चौघांच्या शर्यतीत एक आणि कांती शहा व जहांगीर नायगमवाला यांच्यासह तिघांच्या मिश्र शर्यतीत एक, अशी दोन कांस्यपदके त्यांना मिळाली. आणि सिंगापूरला हरवून भारताने वॉटरपोलोचे सुवर्ण घेतले. सिंगापूरचा संघ कच्चा म्हणता यावयाचा नाही. त्यांच्या निओ च्वी कोकने त्याच आठवड्यात पोहण्याची चार सुवर्णपदके नेली होती. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे, की त्या वेळी जगात नाव असलेले जपानचे जलतरणपटू त्या तलावात उतरलेच नव्हते. ते असते तर काय झाले असते, हा प्रश्न कोणी विचारला तर त्याला रागावण्याचे कारण नाही. परंतु दंगलीतली गोळी, वर्गणीचा प्रवास आणि तळ्याकाठची तालीम एवढ्या सामग्रीवर जे मिळाले, ते मिळाले. पुढल्याच, १९५४ च्या मनिला स्पर्धेत वॉटरपोलोचे सुवर्ण सिंगापूरने नेले. आपल्या वाट्यास मग १९७० साली बँकॉकला रौप्य आणि १९८२ साली दिल्लीस कांस्य एवढेच आले. उतरता क्रम वाचकांनीच पाहावा.

स्पर्धा सोडल्यावर सचिनबाबू हाटखोलाच्या तलावाकाठी शिकवीत राहिले. या भागाविषयी मला जास्त लिहावेसे वाटते, कारण शिकविणाऱ्याचे आयुष्य मला आतून ठाऊक आहे. गंगेच्या घाटावर काकांबरोबर येणारी एक चिमुरडी पाण्याला मुळीच भीत नाही, हे पाहून तिला क्लबात घातले गेले. सचिनबाबूंनी तिचे पाणी जोखले. ही आरती साहा. पाच वर्षांची असताना तिने पहिली शर्यत जिंकली, बाराव्या वर्षाच्या आत ती हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेली, आणि २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. त्याच्या महिनाभर आधी तिचा पहिला प्रयत्न अर्ध्यावर तुटला होता. १९६० साली तिला पद्मश्री मिळाली.

शिष्येला मिळाली. गुरूला काही नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला तो चालू खेळाडूंसाठी. सचिनबाबूंचा काळ तोवर सरला होता. माझ्या हातची मुले आकाशवाणीवर गातात तेव्हा मी घरी रेडिओ लावून बसतो आणि निवेदकाने गुरूचे नाव घेतले की नाही याकडे माझा कान असतो, हे मी लाजत का होईना कबूल करतो. सचिनबाबूंचा कान कशाकडे होता कोण जाणे. १९८२ साली दिल्लीस पुन्हा आशियाई स्पर्धा भरली, नवी मैदाने बांधली गेली, घरोघरी रंगीत दूरचित्रवाणी आली. त्या वेळी पहिल्या स्पर्धेतला भारताचा पहिला सुवर्णविजेता बासष्ट वर्षांचा होता. १९ ऑगस्ट १९८७ रोजी तो गेला. हयातीत राष्ट्राचा एकही पुरस्कार त्याच्या हाती पडला नाही. त्याच वर्षी हेमंतकुमारांना पद्मभूषण देऊ केले गेले आणि त्यांनी ते नम्रपणे नाकारले. एकोणीस दिवसांच्या अंतराने जन्मलेले दोघे; एकाने मान परत केला, दुसऱ्याच्या दारापर्यंत तो आलाच नाही. हेमंतकुमारही दोनच वर्षांत, १९८९ च्या सप्टेंबरात गेले.

सचिनबाबूंच्या मागे त्यांच्या मुलाने कित्येक वर्षे अर्ज केले. अर्ज म्हणजे काय असतो हे मला माहीत आहे. २०२० साली अखेर ध्यानचंद पुरस्कार जाहीर झाला.

त्या दिवशी मी त्या पहिल्या आशियाई स्पर्धेच्या विजेत्यांची यादी काढून बसलो. शंभर मीटरपुढे सचिन नाग हे नाव आहे. वॉटरपोलोपुढे फक्त भारत असे आहे. मी शिकवणीची वही उघडली, शेवटच्या पानावर आधी सचिनबाबूंचे आणि मग लंडनच्या संघातली जी नावे सापडली ती एकाखाली एक लिहिली. खाली दोन ओळी जागा उरली होती. तिथे वडिलांचे नाव घातले, आणि त्यांच्याबरोबर साथीला बसत असे त्या सारंगियाचे.